खरेदीचा निर्णय दुकानात घेऊ नका: नव्याने कमावू लागलेल्यांसाठी

पुण्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये मी नऊ वर्षं सेल्समन होतो. पहिल्याच आठवड्यात तिथे एक गोष्ट शिकवली गेली. गिऱ्हाइकाला "घ्यायचा का?" असं कधी विचारायचं नाही, "काळा देऊ की सिल्व्हर?" असं विचारायचं. "घ्यायचा का" याचं उत्तर "बघतो, सांगतो" असं येतं आणि माणूस पायऱ्या उतरतो. रंगाचं उत्तर देणाऱ्याने मात्र ती वस्तू मनातल्या मनात घरी नेऊन ओट्यावर ठेवलेली असते. मिक्सरचं भांडं बदलायला आलेलं कुटुंब एअर फ्रायर घेऊन जाताना मी कितीदा तरी पाहिलंय. पाहिलंय कसलं, मीच विकलाय.

आता माझी भाची नोकरीला लागली आहे. तिच्या खोलीवरच्या चौघींचीही पहिलीच नोकरी. वीस तारखेला पगार संपतो आणि कपाटात न उघडलेली खोकी असतात. त्यांना जे सांगितलं तेच इथे पायरीपायरीने लिहितो आहे. विकणाऱ्यांच्या युक्त्या पुष्कळ असतात, पण त्या सगळ्यांना हवं असतं ते एकच: तुमचा निर्णय त्यांच्या जागेत आणि त्यांनी आखलेल्या वेळात व्हावा. तेव्हा आपलं काम एवढंच, की तो निर्णय आपल्या घरी उचलून आणायचा.

पायरी 1: वस्तू पहिल्यांदा कुठे दिसली ते लिहा

एक साधी वही करा. काही घ्यावंसं वाटलं की तीन गोष्टी लिहायच्या: वस्तू, तारीख आणि ती पहिल्यांदा कुठे दिसली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "जुन्या कुकरची रिंग गेली, शिटी होत नाही" ही नोंद घरातून आलेली असते. "रात्री रील बघताना दिसलं" ही बाहेरून आलेली. महिनाभराने ही वही चाळलीत तर तिसरा रकाना कशाने भरलाय ते आपोआप दिसेल.

गरज बाहेरून येते म्हणजे काय, याचं आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण फेअर अँड लव्हली. 1975 मध्ये ही क्रीम बाजारात आली. तिच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं एकच गोष्ट फिरून फिरून येत राहिली: सावळी मुलगी, नकार, मग ट्यूब, मग नोकरी किंवा नवरा. रंगाचा भेद समाजात आधीपासून होताच, पण त्याला महिन्याच्या किराण्यात जागा मिळवून दिली ती या जाहिरातींनी. 2020 मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं गेलं. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी नावापुरतं तरी मान्य झालं, की विकली जात होती ती मुळात खंत.

दुसरं उदाहरण साखरपुड्यातल्या हिऱ्याच्या अंगठीचं. आजीला विचारून बघा, तिच्या वेळी ही अंगठी होती का. मंगळसूत्र होतं, पाटल्या होत्या, नथ होती. 'हिरा म्हणजे कायमचा' हे घोषवाक्य 1947 मध्ये अमेरिकेत डी बिअर्स या कंपनीच्या जाहिरातीसाठी फ्रान्सिस जेरेटी या लेखिकेने लिहिलं. हिऱ्याचा आणि लग्नाच्या वचनाचा सांधा जाहिरातीने इतका घट्ट बसवला, की आता तो परंपरेसारखा वाटतो. हौस म्हणून जरूर घ्या. फक्त तिसऱ्या रकान्यात खरं लिहा.

रीलवर कुणी एखाद्या वस्तूचं मनापासून कौतुक करताना दिसलं तर आधी कोपऱ्यातलं बारीक लेबल शोधा. जाहिरातींवर देखरेख ठेवणारी आस्की ही उद्योगांची संस्था 1985 पासून मुंबईत आहे. तिने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले: मोबदला घेऊन कौतुक केलं असेल तर तसं स्पष्ट दाखवायचं. फुकट मिळालेली वस्तू हाही मोबदलाच. लेबल दिसलं तर तो शेजारच्या ताईचा सल्ला नाही, माझ्यासारखाच कुणी काउंटरवर उभा आहे असं समजा. लेबल नाही म्हणून ते निर्मळ आहे, असंही नाही.

वहीत नोंद झाली की मुदत घाला. हजाराच्या वरची वस्तू तीन दिवस थांबेल, पाच हजारांच्या वरची दोन रविवार. हे आकडे माझे, तुम्ही आपल्या पगाराप्रमाणे बदला. मात्र तोवर ती वस्तू ॲपच्या कार्टमध्ये टाकून ठेवू नका. कार्टमध्ये काही अर्धवट राहिलं की "तुमची वस्तू वाट बघतेय" असे निरोप सुरू होतात. वही असे निरोप पाठवत नाही.

पायरी 2: वाण्याची यादी परत आणा

आमच्या घरी एक तारखेच्या आसपास आई पाठकोऱ्या कागदावर यादी करायची. तूरडाळ दोन किलो, रवा एक, हिंगाची डबी, कपड्याचा साबण. ती यादी वाण्याकडे जायची आणि संध्याकाळी पोऱ्या सामान आणून द्यायचा. आई दुकानात जायचीच नाही, त्यामुळे दुकानातलं काहीच तिच्या डोळ्यांत भरायचं नाही. आम्हाला ते जुनाट वाटायचं. पुढे सुपरमार्केटची मांडणी आतून पाहिली तेव्हा कळलं, की कागदाच्या त्या चिटोऱ्याला हरवण्यासाठी केवढी मेहनत घेतली जाते. दूध-दही मागच्या भिंतीला, म्हणजे अख्खं दुकान ओलांडून जावं लागतं. महाग ब्रँड डोळ्यांच्या रेषेत आणि स्वस्त पाकीट गुडघ्यापाशी. लहान मुलांच्या उंचीवर कार्टूनची खोकी. बिलाच्या रांगेत चॉकलेटं, कारण रांगेत हात रिकामे असतात.

हीच यादीची पद्धत संघटित करून दाखवली ती मुंबई ग्राहक पंचायतीने. 1975 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत आसपासची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र येतो आणि सभासद तो आपसात वाटून घेतात. ना चकचकीत रॅक, ना 'फक्त आज'. काय घ्यायचं ते जेवणाच्या टेबलावर बसूनच ठरतं. तुमच्या भागात असा संघ असेल तर चौकशी करा, नसेल तर निदान यादी करा.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपने या यादीची मुळावरच गरज संपवली, आणि तिथेच गोम आहे. आठवलं की मागवलं. त्यात मोफत डिलिव्हरीची रेषा ठेवलेली असते: "आणखी 43 रुपयांचं घ्या, डिलिव्हरी फुकट." मग तीस रुपये वाचवायला आपण साठ रुपयांचे वेफर्स घेतो. खोलीवर चारजणी असाल तर फ्रीजवर कागद चिकटवा. ज्याला जे हवं ते त्यावर लिहायचं आणि आठवड्यातून दोनच वेळा मागवायचं.

पायरी 3: पाकिटावरचे आकडे वाचा

एमआरपी म्हणजे वस्तूची किंमत नव्हे, ती कमाल मर्यादा. त्याच्या वर विकता येत नाही, खाली कितीही विकता येतं. म्हणून 'एमआरपीवर 40 टक्के सूट' हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. ती वस्तू बाजारात सगळीकडेच त्या भावाला मिळत असेल. खरी तुलना दोनच ठिकाणी होते. एक, तुमच्या वहीत महिन्यापूर्वी लिहिलेला भाव. आणि दोन, पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर. पाकीटबंद मालावर हा दर आता छापावा लागतो, पण तो वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला. 'फॅमिली पॅक' कधी कधी छोट्या पाकिटापेक्षा महाग पडतो, हे त्यातूनच कळतं.

'70 टक्क्यांपर्यंत' या शब्दातलं 'पर्यंत' बोटाने झाकून पाटी वाचली जाते. तुम्ही नेमकं तेवढंच वाचा.

पायरी 4: हप्ता मोडून बघा

इथे जरा बैठक मारून बसा, कारण नव्या पगारदाराचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आमच्या शोरूममध्ये फोनच्या किमतीची पाटी लहान असायची आणि 'फक्त 5,000 दरमहा' ही मोठी. 30,000 रुपये ऐकून माणूस दचकतो. 5,000 ऐकून तो पगारातून भाडं वजा करायला लागतो. म्हणजे प्रश्नच बदलतो: 'एवढा महाग फोन मला हवाय का' याऐवजी 'एवढा हप्ता मला झेपेल का'. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, आणि तसे चार 'हो' जमले की वीस तारखेला पगार संपतो.

आता 'नो कॉस्ट ईएमआय'चं पोट उघडू. समजा फोन 30,000 चा, सहा हप्ते 5,000 चे. बँक काही फुकट कर्ज देत नाही. वार्षिक 16 टक्के व्याज धरलं तर 5,000 च्या सहा हप्त्यांत साधारण 28,650 मुद्दल आणि 1,350 च्या आसपास व्याज बसतं. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून बेरीज 30,000 च राहते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे 243 रुपये. वर प्रोसेसिंग फी. ती 199 धरली तर करासकट 235. झाले की नाही पावणेपाचशे? शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला कार्डावर दीड-दोन हजारांची सूट मिळत असेल तर ती हप्त्यावाल्याला अनेकदा मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, ते फीमध्ये लपवलेलं असतं. पाटीवरचा शब्द बदलला, मांडणी तीच राहिली.

तेव्हा हप्त्यावर घेण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: सगळे हप्ते आणि सगळ्या फिया मिळून बेरीज, आज रोख दिले तर पडणारी किंमत, दोन्हींतला फरक. सेल्समनला "प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी धरून टोटल सांगा" असं म्हणा. तो थबकला तर राग मानू नका, हा प्रश्न त्याला दिवसातून एखाद्यानेच विचारलेला असतो.

हप्ता अजिबात घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. बंद पडलेला फ्रीज उन्हाळ्यात थांबत नाही. पण क्रेडिट कार्डाच्या बिलात 'मिनिमम ड्यू' नावाचा, म्हणजे निदान एवढं तरी भरा असं सांगणारा जो आकडा असतो, त्याच्याकडे बघायचंही नाही. तेवढंच भरलं तर बऱ्याच कार्डांवर उरलेल्या थकबाकीला महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. पूर्ण बिल भरता येत नसेल तर ते कार्ड घरी कुलपात ठेवा.

पायरी 5: फोनची साफसफाई

एका रविवारी तासभर काढून ही कामं उरका.

खरेदीच्या सगळ्या ॲपचे नोटिफिकेशन बंद करा. ऑर्डर कुठवर आली हे ॲप उघडून बघता येतं. ॲपमध्ये साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी उठून पाकीट आणायला लागलं तर रात्रीच्या निम्म्या ऑर्डरी तिथेच विरतात. जाहिरातीच्या मेसेजसाठी 1909 या क्रमांकावर START 0 असा एसएमएस पाठवा. यातून सगळंच थांबत नाही, पण बराच गोंगाट कमी होतो. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' शोधा. मोफत महिना म्हणून सुरू केलेली आणि विसरलेली वर्गणी तिथे सापडते. माझ्या भाचीला दोन सापडल्या, त्यातली एक ध्यानधारणेच्या ॲपची. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं असतं; तो मेसेज आपण वाचत नाही एवढंच.

आता ॲपच्या आतल्या चलाख्या. याला डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला मार्गदर्शक सूचना काढून अशा तेरा प्रकारांवर बंदी घातली. तेराही पाठ करायची गरज नाही, चार ओळखता आले तरी पुष्कळ.

पहिली खोटी घाई. 'फक्त 2 शिल्लक', 'ऑफर 09:58 मिनिटांत संपणार'. घड्याळ उलटं पळताना दिसलं की ॲप बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. घड्याळ पुन्हा तिथूनच सुरू झालेलं दिसलं तर समजून जा. दुसरी टोपलीत गुपचूप काही सरकवणं: तिकीट काढताना विमा किंवा दहा रुपयांची देणगी आधीच टिक केलेली असते. तिसरी लाज आणणं. 'नको' या बटणावर नुसतं 'नको' न लिहिता 'नको, मला सुरक्षितता महत्त्वाची वाटत नाही' असं लिहायचं. बटणाला काय लाजायचं? चौथी थेंबथेंब किंमत: वस्तू 199 ची, शेवटच्या पडद्यावर हाताळणी, प्लॅटफॉर्म, पॅकिंग धरून 251 ची. इतक्या पायऱ्या चढून आल्यावर परत फिरायचा कंटाळा येतो, हेच त्यांचं भांडवल. म्हणून भावाची तुलना नेहमी शेवटच्या पडद्यावरच्या आकड्यांची करायची.

पायरी 6: दुकानात गेलात तर

माझ्या जुन्या सहकाऱ्यांची माफी मागून थोडं सांगतो. "बजेट किती, दादा?" हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, पण तुमचा आकडा हा आमच्यासाठी तळ असतो, पहिलं मॉडेल त्याच्या थोडं वरचंच दाखवायचं. खरं बजेट 20,000 असेल तर 16,000 सांगा. तीन मॉडेल शेजारी मांडली असतील तर बाजूचं सगळ्यात महाग हे बऱ्याचदा मधलं स्वस्त वाटावं म्हणून तिथे असतं. भिंतीवरचे टीव्ही दुकानासाठीच्या भडक सेटिंगवर चालवतात. "घरी जसा दिसेल तसा, साध्या मोडवर लावून दाखवा" असं सांगा.

एक्स्टेंडेड वॉरंटी बिल करतानाच काढली जाते, कारण मोठा खर्च केलेल्या माणसाला दीड हजार किरकोळ वाटतात. आम्हाला फ्रीजपेक्षा तिच्यावर इन्सेंटिव्ह बरा मिळायचा, यातून काय ते समजा. कागद वाचल्याशिवाय घेऊ नका. प्लास्टिकचे भाग, गॅस, काच यांतलं काय वगळलंय ते आधी बघा.

काउंटरवर मोबाइल नंबर मागतात. तो दिलाच पाहिजे असं नाही. नंबर दिला नाही म्हणून विक्री नाकारू नये, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्ये दुकानदारांना सांगितलेलं आहे. "नंबर नको, बिल कागदावर द्या" एवढं पुरतं.

आणि रंगाचा प्रश्न आला की उत्तर द्यायचं: "घरी विचारून सांगतो." एकटे राहत असाल तरीही.

पायरी 7: मुहूर्त आपला, स्कीम त्यांची

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांवर शुभ काम सुरू करायला पंचांग उघडावं लागत नाही, एवढाच मूळ अर्थ. त्याचं 'आज खरेदी केलीच पाहिजे' असं भाषांतर कधी झालं ते कळलंही नाही. पाडव्याच्या वर्तमानपत्रात पहिलं पान शोधायला आधी चार पानं फ्लॅट आणि गाड्या उलटाव्या लागतात. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो, यापेक्षा स्वस्त सोन्याची सोय कुठल्या समाजाने केली असेल?

एक मात्र कबूल करतो: दसरा-दिवाळीला टीव्ही, वॉशिंग मशीन खरोखर स्वस्त मिळू शकतात, कारण कंपन्या तेव्हा स्कीमा लावतात. तेव्हा वहीत उन्हाळ्यापासून बसलेली वस्तू असेल तर दसऱ्याला अवश्य घ्या. वहीत नसलेली वस्तू दसऱ्याच्या आदल्या रात्री आठवली तर ती तुम्हाला आठवलेली नाही, आठवण करून दिलेली आहे.

पायरी 8: घेऊन बसलातच तर

होतं. मीही घरी एक पास्ता मशीन ठेवून आहे, आमच्याकडे पास्ता कुणी खात नाही.

लाजून खोकं माळ्यावर टाकू नका. परतीची मुदत त्याच दिवशी बघा, सील शक्यतो फोडू नका. वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितलं तशी नसेल किंवा पैसे अडकले असतील तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, ईमेल असेल तर उत्तम. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे मराठीतही बोलता येतं. तिथेही काम झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

या सगळ्याला बिल लागतं. दुकानातलं बिल बहुतेक थर्मल कागदावर असतं आणि काही महिन्यांत ते कोरं पांढरं होतं, म्हणून घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवा.